जुनी गाडी बघायला गेलात की आधी बॉनेटवर हात ठेवा

"तुम्ही निघालात की एक फोन करा, मी गाडी बाहेर काढून चालू करून ठेवतो."

जुनी गाडी विकणारा माणूस असं म्हणाला की मी त्याला तिथेच थांबवते. चालू करू नका. धुऊ नका. रात्री जशी उभी केलीत तशीच सकाळी मला बघू द्या. बहुतेक जण हे चांगल्या मनानेच सुचवत असतात, पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तसं. पण एकदा गरम झालेलं इंजिन बरंच काही लपवतं, आणि हे मी मोठा फटका खाऊन शिकले आहे.

मी कारखान्यात तपासणी विभागात काम करते. मशीनवरून उतरलेला भाग मायक्रोमीटरने, डायल गेजने मोजायचा आणि पास की नापास ते लिहायचं. आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी सांगतात, भाग गरम असताना माप घ्यायचं नाही. कापताना धातू तापतो, तापला की फुगतो, आणि तेव्हा घेतलेलं माप खोटं निघतं. मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान ठरलेलं आहे. भाग तिथे आला की मगच गेज हातात घ्यायचा. रोज हे पाळणाऱ्या मला स्वतःची पहिली गाडी घेताना ते आठवलं नाही, याचं वाईट मला अजून वाटतं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी गाडी बघायला गेले. बॉनेट कोमट लागलं, पण उन्हात उभी आहे म्हणून असेल, अशी मीच मनाची समजूत घातली. सेल्फ मारताक्षणी इंजिन सुरू झालं. आवाज नाही, धूर नाही, पिकअप छान, कागदपत्रं नीट. घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना सेल्फ मारला तर इंजिन थरथरायला लागलं. चारपैकी तीनच सिलिंडर चालू असल्यासारखं मिसिंग. मागे सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, आणि त्याला गोडसर वास. मिनिटभरात सगळं शांत झालं, म्हणून मीही गप्प बसले. पुढच्या आठवड्याभरात इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, म्हणजे कूलंटची, पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेली. जमिनीवर मात्र एक थेंब नाही.

मेस्त्रीकाकांनी ऐकलं आणि गाडी न उघडताच म्हणाले, "हेड गॅसकेट." मग समजावून सांगितलं. हेड म्हणजे सिलिंडरांच्या वरचं धातूचं झाकण, आणि गॅसकेट म्हणजे त्याच्याखाली दाबून बसवलेला, गळती थांबवणारा पातळ थर. गाडी बंद केली तरी कूलंटच्या नळ्यांमध्ये दाब बराच वेळ टिकतो. गॅसकेट जिथे कमजोर झालेलं असतं तिथून त्या दाबाने थोडं थोडं कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं आणि रात्रभर तिथेच साचून राहतं. सकाळच्या पहिल्या सेल्फला तो सिलिंडर ओला असतो, म्हणून मिसिंग. ते कूलंट जळतं, म्हणून पांढरा धूर. एकदा जळून गेलं आणि धातू तापून फट दाबली गेली, की दिवसभर काही कळत नाही.

हेड उतरवलं त्या दिवशी मी माझी स्ट्रेट एज (अगदी सरळ धातूची पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पानं) घेऊन गॅरेजमध्ये गेले. हेडवर पट्टी आडवी धरली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये ०.१५ मिलिमीटरचं पान सहज आत गेलं. त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ होती. गाडी कधीतरी चांगलीच उकळलेली होती, हेड वाकलं होतं, आणि ज्याच्या हातून ती उकळली त्याला ते माहीत नसेल असं मला आजही वाटत नाही.

त्यानंतर घरातल्या, शेजारच्या, कामावरच्या कितीतरी लोकांबरोबर मी जुन्या गाड्या बघायला गेले आहे. यंदा भाचीची पाळी आली. "मावशी, तू बघून सांग, मला त्यातलं काही कळत नाही," म्हणाली. मी तिला म्हटलं, गाडी तू चालवणार आहेस, तर बॉनेटही तूच उघडायचं. मी शेजारी उभी राहीन.

आम्ही तीन गाड्या बघितल्या.

पहिल्या ठिकाणी पोहोचलो तर बॉनेट गरम. आदल्या दिवशी फोनवर दोनदा सांगूनही. "आत्ताच पेट्रोल भरून आणलं," असं उत्तर मिळालं. रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावला तर तोही चांगलाच तापलेला. उद्या सकाळी परत येतो, तोवर गाडी हलवू नका, असं मी म्हटल्यावर गृहस्थांचा सूर बदलला, घ्यायची असेल तर आत्ता बघा म्हणाले. आम्ही निघालो. भाची हिरमुसली, कारण रंग तिच्या आवडीचा होता. त्या गाडीत काही दोष असेलच असं मी म्हणत नाही. पण ज्या गाडीचं माप घेऊ देत नाहीत, ती मी पास करू शकत नाही.

दुसरी गाडी गार होती. सकाळी सात वाजता, पेट्रोलवरची, १ लाख १० हजार किलोमीटर चाललेली. विकणारे काका सरळ माणूस होते, "हवं तेवढा वेळ घ्या," म्हणाले आणि खुर्ची टाकून बसले.

इंजिन गार असण्याचा आणखी एक फायदा इथे होतो. रेडिएटरचं झाकण उघडून आत बघता येतं. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बारने जास्त असतो, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो, ते क्षणात उकळून अंगावर उसळतं आणि चेहरा, हात भाजतात. हे भाचीला मी दोनदा सांगितलं आणि इथेही लिहिते आहे.

आत काय बघायचं? कूलंटला त्याचा रंग असायला हवा. कंपनीप्रमाणे हिरवा, गुलाबी, केशरी, काहीही असेल, पण स्वच्छ. गंजाच्या रंगाचं गढूळ पाणी दिसलं तर कोणीतरी वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी ओतलेलं आहे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तिथेच थांबावं.

मग डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी. काढून पुसायची, परत घालून पुन्हा काढायची आणि मगच पातळी वाचायची. ऑइल बोटांच्या चिमटीत चोळून बघायचं. कचकच लागली, चमकणारे कण दिसले, तर आत धातू झिजतो आहे. पेट्रोल गाडीचं ऑइल डांबरासारखं काळं आणि घट्ट असेल तर ते वेळेवर बदललेलं नाही. डिझेलला हा नियम लावू नका, तिथे नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, सायीसारखा थर दिसतो का तेही बघायचं. हा थर नुसत्या छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही साचतो, कारण इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ उडून जात नाही. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर कूलंट ऑइलमध्ये उतरलेलं आहे.

या काकांच्या गाडीत हे सगळं ठीक होतं. भाचीचा चेहरा खुलला होता.

नंतर किल्ली, पण आधी फक्त अर्धी. इंजिन चालू न करता डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटले पाहिजेत: चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस. मग इंजिन सुरू झालं की एकेक करून विझले पाहिजेत. पेटून न विझणारा दिवा सगळ्यांना दिसतो. मुळात न पेटणारा दिवा लक्षात येत नाही, आणि तोच जास्त वाईट. बल्ब काढून टाकला किंवा वायर तोडली की तक्रार दिसायची बंद होते.

मी मागे सायलेन्सरजवळ जाऊन उभी राहिले आणि भाचीने सेल्फ मारला. पहिल्याच सेकंदाला निळसर धुराचा एक झोत बाहेर आला, आणि चार-पाच सेकंदांत निवळला. अर्धा तास आधी कोणी गाडी चालू करून ठेवली असती तर हा झोत आम्हाला कधीच दिसला नसता.

धुराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लोक तिथे फसतात. थंडीच्या सकाळी विरळ पांढरी वाफ येऊन थोड्या वेळात नाहीशी होते, ती निर्दोष. सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडतात, तेही निर्दोष, पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. दाट पांढरा, गोडसर वासाचा, इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट जळतंय. काळा म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. एअर फिल्टर चोंदलेला असेल, इंजेक्टर बिघडलेला असेल, बहुतेक वेळा दुरुस्तीने सुटतं. निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय. तो कधी येतो यावरून कुठून येतो ते कळतं. रात्रभर उभ्या गाडीला फक्त पहिल्या सेल्फला आला, किंवा उतारावर पाय काढून खाली आल्यावर पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आला, तर व्हॉल्व्हची सीलं गेलेली असण्याची शक्यता जास्त. वरचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून हळूहळू खाली ओघळलेलं असतं. चढावर, भार असताना, सतत येत राहिला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर जातो, आणि रिंगा म्हणजे इंजिनाचं मोठं काम.

फक्त सीलं गेली असती तर मी भाचीला ती गाडी घे म्हटलं असतं, ते काम आटोक्यातलं आहे. म्हणून पुढे बघितलं. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल केलं आणि भोकावर नुसतं उलटं ठेवलं. चांगल्या इंजिनावर ते थोडं थरथरतं किंवा आतल्या ओढीने चिकटून बसतं. इथे ते उडायला लागलं आणि भोकातून धूर फुंकल्यासारखा बाहेर येत होता. गॅरेजमध्ये याला बॅक कंप्रेशन म्हणतात. सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली निसटून ऑइलच्या चेंबरमध्ये येतो.

एवढ्यावरूनही मी नाही म्हणू शकले असते. पण विकणारे काका म्हणाले, "नीट तपासून घ्या, मलाही कळू दे." मग गाडी आमच्या मेस्त्रीकाकांकडे नेली आणि कंप्रेशन टेस्ट केली. एवढी एकच चाचणी अशी, जी मी गरम इंजिनावर करायला सांगते. चारही स्पार्क प्लग काढायचे, इंधनाचा पुरवठा बंद करायचा, एकेका भोकात गेज बसवायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. आमचे आकडे आले १२, ११.५, ८ आणि १२ बार. चार आकडे एकमेकांच्या जवळ असणं फार महत्त्वाचं असतं. सगळे साडेअकरा असते तरी मी समाधानी असते, पण तीन बाराच्या जवळपास आणि एक आठ हे चालणार नाही. मग मेस्त्रीकाकांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा गेज लावला. ८ चे ११ झाले. ऑइलने रिंगेची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे दाब रिंगेतूनच निसटत होता. आकडा ८ वरच राहिला असता तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅसकेटमध्ये शोधावा लागला असता.

गाडीच्या मालकांना मी ते चार आकडे कागदावर लिहून दिले. त्यांना खरंच कल्पना नव्हती. "ऑइल मध्ये मध्ये टाकावं लागायचं, मला वाटलं जुनी गाडी आहे, लागणारच," म्हणाले. चेहरा उतरला होता त्यांचा. मला त्यांचं वाईट वाटलं, पण गाडी घेता येत नव्हती.

तिसरी गाडी बघायला जाईपर्यंत भाची बरीच तयार झाली होती. अंगणात शिरल्या शिरल्या तिने स्वतःच बॉनेटवर पंजा टेकला. गार. सात वर्षांची पेट्रोल गाडी, ८२ हजार किलोमीटर. सेल्फ मारल्यावर दोन सेकंद टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची, टिकटिक आली आणि ऑइल वर पोहोचताच थांबली. धूर नाही. झाकण उलटं ठेवलं तर जागच्या जागी राहिलं.

इथे बहुतेक जण लगेच फेरी मारायला निघतात. मी थांबते. एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवायची आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवायचं. तो सावकाश वर चढून साधारण मध्याजवळ स्थिर झाला पाहिजे. थोड्या वेळाने रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा, पाणी थंड झालं की बंद व्हायला हवा, आणि काट्याने या सगळ्यात जागा सोडता कामा नये. काटा वर येतच नसेल तर कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढून टाकलेला असू शकतो, आणि तो बहुधा गाडी गरम होते म्हणूनच काढतात. पंखा फिरेपर्यंत वीसेक मिनिटं जातात. त्या वेळात विकणारा चुळबुळतो, चला ना एक चक्कर मारू म्हणतो. जागचं हलायचं नाही. माझी पहिली गाडी ज्या आजाराने गेली त्याची, म्हणजे इंजिन उकळण्याची, चाहूल या वीस मिनिटांत लागू शकते.

थांबलेल्या वेळात बाकीचं बघून होतं. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. टायर फक्त आतल्या कडेला झिजलाय का, दोन्ही कडांना की मधोमध, हे हात फिरवून कळतं. आतली एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन बघावं लागेल, दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी ठेवून चालवलेली आहे. गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडायचा. एकदा वर येऊन स्थिर झाला तर शॉकअप ठीक, पाळण्यासारखा हलत राहिला तर गेलेले. बॅटरीवर मल्टिमीटर लावला. बंद गाडीला १२.५ व्होल्ट, चालू केल्यावर १४.२, म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग करतोय.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघते. गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला गढूळ पाण्याची रेघ राहून जाते. सीटच्या रेल्सचे बोल्ट आणि स्टेपनीखालचा खड्डा, तिथेही गाळ आणि गंज सापडतो. वायरिंगमध्ये पाणी शिरलेली गाडी मी फुकटसुद्धा घेणार नाही. तिचा बिघाड कधी कुठून डोकं वर काढेल सांगता येत नाही. अपघाताचं म्हणाल तर बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग बघा, पाना लागला की तो उडतो. एखादं मडगार्ड बदललेलं असण्यात काही वावगं नाही. पण समोरच्या किंवा मागच्या चॅसीच्या दांड्यांवर चुण्या किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर विषय संपला.

मग फेरी. रेडिओ बंद, काचा खाली, गप्पा बंद.

क्लच तपासायला सपाट रिकाम्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने जायचं आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. इंजिनाचा आवाज आधी चढला आणि वेग मागून आला तर क्लच प्लेट घसरते आहे. गिअर चढवताना आणि उतरवताना दुसऱ्या-तिसऱ्याला कर्रकर्र ऐकू आली तर गिअर जुळवून घेणारे सिंक्रोनायझर झिजलेत. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेकवर पाय ठेवून डी (पुढे) आणि आर (मागे) असं बदलून बघायचं. धक्का नको आणि दोन सेकंद वाट बघायला लावणारी दिरंगाईही नको. रिकाम्या जागेत स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून सावकाश गोल फिरायचं. चाकातून कटकट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. मग दुसऱ्या बाजूला.

आमच्या गाडीत वेग वाढवल्यावर घूंऽऽ असा एक आवाज येत होता. टायरचा आवाजही असाच असतो, म्हणून भाचीला रस्ता मोकळा बघून हळुवार डावी-उजवीकडे वळवायला सांगितलं. डावीकडे वळताना आवाज वाढायचा, उजवीकडे वळताना कमी व्हायचा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो, तेव्हा उजव्या बाजूचं व्हील बेअरिंग. बेअरिंगचा आवाज मी कामावर इतकी वर्षं ऐकते आहे, तरी रस्त्यावर असा बाजू बदलून तो पकडला की मला मनापासून आनंद होतो.

ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबली, पण पॅडलला हलकी धडधड होती. डिस्क एकसारखी फिरत नाही किंवा तिची जाडी सगळीकडे सारखी नाही. फेरीनंतर चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला, कोणतंच चाक जास्त तापलेलं नव्हतं, म्हणजे एखादा कॅलिपर (डिस्क आवळणारा ब्रेकचा भाग) चिकटलेला नाही.

शेवटी स्कॅनर. स्टीअरिंगखाली गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, त्यात खिशात मावेल एवढं यंत्र बसतं आणि मोबाइलवर माहिती दिसते. बहुतेक जण फक्त बिघाडाचे कोड बघतात. पी०३०० आला की कोणत्या तरी सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, वगैरे. पण कोड पुसून टाकणं एका बटनाचं काम आहे. म्हणून मी रेडिनेस मॉनिटर बघते. गाडी स्वतःच्या ऑक्सिजन सेन्सरची, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची आणि इतर भागांची चाचणी चालता चालता करत असते, आणि कोड पुसले की या चाचण्यांची नोंदही पुसली जाते. ती पूर्ण व्हायला पुन्हा बरीच वेगवेगळी धाव लागते. कोड एकही नाही आणि चाचण्याही अपूर्ण, असं दिसलं तर मेमरी नुकतीच साफ झालेली आहे. बॅटरी काढल्यानेही हे होतं, म्हणून आधी मालकाला विचारायचं. या गाडीत सगळ्या चाचण्या पूर्ण होत्या.

मेस्त्रीकाकांनी गाडी लिफ्टवर घेतली. उजवं पुढचं बेअरिंग, पुढच्या दोन्ही डिस्क, लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनमधले रबरी तुकडे), हे बदलायचे निघाले. भाची घाबरली. "मावशी, एवढं सगळं निघालं, मग नापासच ना?" तिला मी सांगितलं की हे सगळे झिजायलाच बनवलेले भाग आहेत. टायर, ब्रेक, बुश, बॅटरी, बेअरिंग यांची यादी करायची, खर्च काढायचा आणि तेवढा किमतीतून कमी करून मागायचा. मी नापास करते ती उकळलेल्या इंजिनाची, निसटत्या कंप्रेशनची, चॅसी वाकलेली, पाण्यात बुडालेली गाडी. कंप्रेशन इथे चारही सिलिंडरचं १२ च्या आसपास आलं होतं. मालकांनी यादी बघितली, बेअरिंगच्या आवाजाबद्दल आधीच माहीत असल्याचं मान्य केलं आणि किंमत उतरवली.

एक प्रश्न उरला होता. या इंजिनात टायमिंग चेनऐवजी टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा. मॅन्युअलमध्ये तो दर ९० हजार किलोमीटरला किंवा ५ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलायला सांगितलं आहे. मालकांकडे सर्व्हिसची सगळी बिलं होती, बेल्टचं मात्र नव्हतं. "नव्वद हजार अजून झाले नाहीत ना," हे त्यांचं उत्तर. किलोमीटर झाले नव्हते, पण वर्षं सात झाली होती, आणि रबर नुसत्या वयानेही कडक होतं. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह जागच्या जागी उघडे राहतात आणि वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. त्यामुळे व्यवहार झाल्यावर गाडी घरी न आणता सरळ गॅरेजमध्ये नेली.

बेल्ट उतरवल्यावर मेस्त्रीकाकांनी तो भाचीच्या हातात दिला आणि उलटा वाकवायला सांगितला. दातांच्या मुळाशी केसासारख्या बारीक भेगा उघडल्या, एका ओळीत, जवळजवळ प्रत्येक दाताला. त्याच बेल्टवर फिरणाऱ्या वॉटर पंपाच्या खाली वाळलेल्या कूलंटचा गुलाबी ओघळही सापडला. तो पंपही बदलला, कारण पुन्हा कधी बदलायचा म्हटलं तर एवढंच सगळं परत उघडावं लागलं असतं. नव्या बेल्टची तारीख आणि ८२ हजार ४१६ हा आकडा भाचीने एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला, आणि तो भेगाळलेला बेल्ट घरी घेऊन आली.